पाण्यात दिसलेली गैरहजेरी

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर सकाळी आठपासून रांग लागली होती. जुनी पाटी अजून तशीच होती, ‘सोफासेट, पलंग, कपाटे’, आणि तिच्याखाली नवा कापडी फलक फडफडत होता: ‘अंतर्यामी. निकालाआधी निकाल.’ रांगेत मुलं कमी, आया जास्त. बाप एकच होता आणि तोही आपण सहज इकडून चाललो होतो असा चेहरा करून उभा होता. कॉलेजचा निकाल शुक्रवारी लागायचा होता, इंटरनेटवर, सगळ्यांना, घरबसल्या. आज मंगळवार. तीन दिवस दम धरला असता तर या अंतर्यामीची कुणाला गरजच नव्हती. पण वर्षभर दम धरलेल्या माणसांना शेवटचे तीन दिवस निघत नाहीत, आणि असल्या लोकांची दुकानं नेमकी त्या तीन दिवसांवर चालतात.

रांगेच्या मध्यावर काजवाली उभी होती. गल्लीत तिला सगळे याच नावानं ओळखत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात ती काजं करायची आणि बटणं लावायची. सतरा वर्षांत तिनं इतकी काजं केली होती की रस्त्यानं जाणाऱ्याच्या शर्टाकडे नुसतं बघून काज हाताचं की मशीनचं ते ती सांगायची. नवरा गेला तेव्हा लेक तीन वर्षांची होती, आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात दोघीच. एक खोली, एक टेबल, टेबलाच्या अर्ध्या भागावर पुस्तकं आणि अर्ध्या भागावर बटणांचे डबे. पास झाल्यावर आपण एखाद्या प्रयोगशाळेत नोकरी धरायची आणि आईनं डोळे फोडून काजं करणं बंद करायचं, असं लेकीनं परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

काजवालीला इथे आणलं शेजारणीनं. शेजारणीच्या मुलाचे मागच्या परीक्षेचे गुण अंतर्यामीनं विषयवार सांगितले होते आणि निकाल लागला तेव्हा एका गुणाचाही फरक निघाला नव्हता. “अगं, सहाच्या सहा विषय!” शेजारीण सांगायची आणि दर वेळी सहा बोटं दाखवायची. “नुसतं पाण्यात बघून!”

आत अंतर्यामी एका न खपलेल्या सोफ्यावर बसला होता. सोफ्यावरचं प्लॅस्टिक कुणी काढलं नव्हतं, त्यामुळे तो जरा हलला की करकर आवाज यायचा आणि समोरच्या बायका त्या आवाजालाही मान डोलवायच्या. नियम साधा होता. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या, मुलाचा सीट नंबर आणि आईचं नाव.

“बापाचं नाव नको,” अंतर्यामी हात वर करून म्हणायचा. “बाप फी भरतो, आई जीव जाळते. निकाल आधी आईच्या नाडीत उमटतो, कॉलेजला मागाहून कळतो. तुमच्या मोबाइलला टॉवर लागतो. मला लागत नाही. मीच टॉवर आहे!”

चिठ्ठ्या त्याचा मेहुणा गोळा करायचा. काळा चष्मा लावलेला, तोंडातून चकार शब्द न काढणारा माणूस. चिठ्ठ्या पितळी डब्यात घालून तो पडद्यामागे ‘ज्योतीला दाखवायला’ न्यायचा आणि थोड्या वेळानं काचेचा एक मोठा वाडगा ट्रेमध्ये ठेवून घेऊन यायचा, काठोकाठ पाण्यानं भरलेला. ट्रे अंतर्यामीच्या मांडीवर यायचा. अंतर्यामी पाण्यात वाकून बघायचा आणि घडाघडा गुण सांगायचा, तेव्हा सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. आईच्या नाडीत उमटलेला निकाल दर वेळी पडद्यामागून का यावा लागतो, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

काजवालीनं चिठ्ठी लिहिली. नवरा गेल्यापासून तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. काजवाली, मावशी, हिची आई, एवढ्यावर सतरा वर्षं भागलं होतं. इतक्या दिवसांनी कागदावर स्वतःचं नाव काढताना तिला उगीचच बरं वाटलं.

वाडगा आला. अंतर्यामीनं पाच विषय भरभर सांगितले. बासष्ट, अठ्ठावन्न, चौसष्ट, सत्तर, एकोणसाठ. काजवालीनं दर आकड्याला हात जोडले. मग तो थांबला आणि आणखी खाली वाकला.

“शेवटच्या पेपराला जागा रिकामी दिसते.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाक आहे. बाकावर तुझी मुलगी नाही.”

“असं कसं होईल? ती गेली होती. मीच सकाळी डबा भरून दिला होता.”

“डबा गेला असेल, बाई. मुलगी गेली नाही.”

मागे दोघीतिघी फिसकन हसल्या. काजवाली ट्रेजवळ सरकली. “मग... मग ती होती कुठे?”

“दिसतं मला,” अंतर्यामी डोळे मिटून म्हणाला, “पण आईच्या कानांना ते सोसायचं नाही. आणि तूही तिला विचारायचं नाहीस. विचारलंस की ती खोटं बोलणार आणि एका पापाची दोन होणार. अकरा दिवस अबोला धर. एक शब्द बोलायचा नाही. बाराव्या दिवशी ती आपणहून पायाशी येईल.”

यातली मेख लक्षात घ्या. जगातल्या कुठल्याही लबाडीला एका गोष्टीची धास्ती असते, समोरासमोर विचारलेल्या साध्या प्रश्नाची. म्हणून लबाड माणूस सगळ्यात आधी विचारायलाच बंदी करतो. काजवाली बिचारी हात जोडून घरी आली.

रस्ताभर तिला एकच आठवत होतं. शेवटच्या पेपराच्या दिवशी लेक उशिरा आली होती. चेहरा उतरलेला होता. “अवघड गेला गं,” एवढंच म्हणाली होती आणि न जेवता आडवी झाली होती. तेव्हा त्यात काहीच वाटलं नव्हतं. आता त्याच उशिराला आणि त्याच उतरलेल्या चेहऱ्याला वेगळाच अर्थ चिकटला. संशयाला फार लागत नाही.

लेकीनं दार उघडलं. “कुठे गेली होतीस? दुकानातून फोन आला होता.”

काजवाली न बोलता आत गेली.

“आई? बरं नाही का?”

काजवालीनं बटणांचा डबा ओढला आणि पांढरी बटणं निवडायला घेतली. ती निवडलेलीच होती. लेकीनं चहा करून पुढे ठेवला, तो निवून गेला. बुधवारी लेकीनं विचारलं, “माझं काही चुकलं का?” गुरुवारी विचारलं, “दुकानात कुणी काही बोललं का?” त्यानंतर तिनं विचारायचं सोडलं. दोघींचा वावर एकाच खोलीत, आणि आवाज फक्त भांड्यांचा. लेक पाठमोरी झाली की आई तिच्याकडे बघून घ्यायची आणि वळली की मान खाली घालायची. प्रेम कमी पडलं होतं असं कुणी म्हणू नये. प्रेम होतंच, पण ते दुसऱ्याच्या हुकुमावर चाललं होतं.

शुक्रवारी निकाल लागला. लेकीनं मोबाइलवर नंबर टाकला, आईचं नाव टाकलं आणि पान उघडलं. आधी ती हसलीच.

“आई, हे बघ काय लिहिलंय! शेवटच्या विषयाला गैरहजर! अगं, मी तीन तास बसून हात मोडेपर्यंत लिहिलं आणि हे म्हणतात गैरहजर. काहीतरी घोळ घातलाय त्यांनी.”

काजवालीनं पाहिलं. बासष्ट, अठ्ठावन्न, चौसष्ट, सत्तर, एकोणसाठ, गैरहजर. अंतर्यामीनं सांगितलेला शब्दन् शब्द. आता तर शंकेलाही जागा उरली नव्हती, कारण वरून पाण्यानं सांगितलं होतं आणि खालून कॉलेजनं.

लेकीचं हसू आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. “आई, तुला हे खरं वाटतंय?”

काजवालीनं पुन्हा बटणांचा डबा पुढे ओढला.

“तोंडानं तरी सांग. तुला वाटतंय मी पेपरला गेलेच नाही?”

काजवालीनं ओठ घट्ट मिटून घेतले. आज चौथा दिवस होता.

शनिवारी लेक कॉलेजात जाऊन एक अर्ज घेऊन आली. हजेरीपट पुन्हा तपासावा, असा तो अर्ज होता आणि खाली पालकाची सही लागत होती. तिनं तो टेबलावर ठेवला, बटणांचा डबा सरकवून जागा केली, पेन उघडून आईच्या हाताशी ठेवलं.

“सही कर. बाकी काही बोलू नकोस हवं तर. नुसती सही कर, ते बघतील.”

काजवालीला वाटलं, खोट्यावर सही केली तर देव, माणूस, अंतर्यामी, कुणीच आपल्याला माफ करणार नाही. तिनं अर्ज दोन बोटांनी बाजूला सारला.

लेकीनं पेनाला टोपण लावलं. मग तिनं पिशवी काढली, चार कपडे भरले. “मैत्रीण औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. बायका हव्यात म्हणत होती. मी तिकडे चालले.” दाराशी जाऊन ती वळली. “आई, निदान ‘नको जाऊ’ तरी म्हण. नाहीतर ‘चालती हो’ म्हण. पण काहीतरी बोल.”

काजवाली मनात दिवस मोजत होती. पाचवा. अजून सहा काढायचे होते. दार लागलं, पावलं जिन्यावरून खाली गेली, आणि मग ती तोंडात कापड कोंबून रडली.

बुधवारी दुपारी गणवेशाच्या दुकानात एक बाई आल्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, छातीशी फाइल धरलेली. कॉलेजातली मुलं त्यांना परीक्षाबाई म्हणायची. परीक्षा विभागात सगळ्यांचे गुण संगणकावर भरणाऱ्या त्याच. काजवालीची चौकशी करून त्या तिच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या.

“तुमच्या मुलीचा फोन लागत नाही, म्हणून मीच आले. मला तुमची माफी मागायची आहे.”

“माझी?”

“मुलगी शनिवारी आली होती. अर्जावर सही लागेल म्हणून मी तिला परत पाठवलं. जाताना म्हणाली, ‘आईनं सही नाही केली तर तुम्ही आपणहून नाही का बघणार?’ मी तोंडदेखलं ‘बघते’ म्हटलं. पण तिचा चेहरा काही डोळ्यांपुढून जाईना. सोमवारी मी गठ्ठा सोडला.” बाईंनी फाइल उघडली. “हजेरीपटावर तिची सही आहे. पेपरही आहे, तपासलेला, एकाहत्तर गुणांचा. तिच्या वरच्या ओळीतला मुलगा आला नव्हता. त्याची गैरहजेरी भरताना माझी एक ओळ चुकली आणि ती तुमच्या मुलीच्या नावापुढे पडली. गैरहजर पडलं की मशीन गुण घेत नाही, म्हणून पेपर बाजूला राहिला. चूक माझी आहे. माझ्या हातची.”

काजवाली कागदावरच्या सहीकडे बघत राहिली. लेकीचीच सही. शेवटचं अक्षर खाली ओढून पुढे नेलेलं, अगदी तिच्याच सवयीचं.

“पण बाई,” ती कशीबशी म्हणाली, “अंतर्यामींनी तर पाण्यात पाहिलं होतं. जागा रिकामी होती म्हणाले.”

“कोण अंतर्यामी?”

काजवालीनं सगळं सांगितलं. चिठ्ठी, वाडगा, अकरा दिवस. परीक्षाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “हे कधी सांगितलं त्यानं?”

“मागच्या मंगळवारी.”

“निकाल तर शुक्रवारी लागला.”

“तेच तर! तीन दिवस आधी सांगितलं. म्हणून तर माझा विश्वास बसला.”

“थांबा,” परीक्षाबाई म्हणाल्या. “नीट विचार करू या. तुमची मुलगी पेपरला बसली होती. ही सही बघा. मग पाण्यात खरं दिसत असेल तर त्याला काय दिसायला हवं होतं?”

“ती... बाकावर बसलेली.”

“आणि त्याला काय दिसलं?”

“रिकामी जागा.”

“म्हणजे त्याला तुमची मुलगी दिसलीच नाही. त्याला माझी चूक दिसली. आणि मंगळवारी माझी ती चूक अख्ख्या जगात एकाच ठिकाणी होती. आमच्या कॉलेजच्या साइटवर.”

काजवालीला अजून उलगडा होईना. परीक्षाबाईंनी समजावलं. निकाल जाहीर शुक्रवारी होतो, पण साइटवर तो सोमवारीच चढवून ठेवतात, मधले दिवस तपासणीला असावेत म्हणून. त्या पानाचा पत्ता कुणाला सांगत नाहीत, एवढाच काय तो बंदोबस्त. पण पत्ता दर वर्षी तोच असतो. ज्याला तो ठाऊक आहे त्याला निकाल चार दिवस आधी उघडता येतो. “पान उघडायला दोनच गोष्टी टाकाव्या लागतात,” त्या म्हणाल्या.

“कुठल्या?”

“सीट नंबर आणि आईचं नाव.”

दुकानातली मशीनं चालूच होती, पण काजवालीला काही ऐकू येईना. लेकीनं शुक्रवारी तिच्या डोळ्यांदेखत त्याच दोन गोष्टी टाकून पान उघडलं होतं, आणि तिला काही सुचलं नव्हतं. आईची नाडी म्हणे! जे नाव लिहिताना तिला इतकं बरं वाटलं होतं, तेच नाव त्यानं किल्लीसारखं वापरलं होतं, आणि ते तिनंच आपल्या हातानं लिहून दिलं होतं.

“मी तिला विचारलंसुद्धा नाही हो, बाई,” ती म्हणाली. “एकदाही नाही विचारलं.”

परीक्षाबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. “अशा किती घरांत त्यानं विष कालवलं असेल, कोण जाणे. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या वर्षाचा निकाल साइटवर असेल. त्यानंतर ते पान आम्ही कुलूपबंद करतोय. तुम्ही याल माझ्याबरोबर?”

पुढच्या मंगळवारी पुन्हा तशीच रांग होती. काजवालीनं ‘बहिणीच्या मुलाची’ म्हणून चिठ्ठी दिली. परीक्षाबाई मागे खांबाशी उभ्या राहिल्या, डोक्यावरून ओढणी घेऊन. प्राचार्यांनी त्यांना “नको ते लचांड” असं बजावलं होतं. आपल्या चुकीची लेखी कबुली त्यांच्या टेबलावर ठेवून त्या निघून आल्या होत्या.

वाडगा आला. अंतर्यामीनं पाहिलं आणि त्याच्या भुवया चढल्या.

“वा! एकेचाळीस. दुसऱ्या विषयातही एकेचाळीस. तिसऱ्यात एकेचाळीस. सहाच्या सहा विषयांत एकेचाळीस!” क्षणभर तो गडबडला, पण धंद्यातला मुरलेला माणूस, लगेच सावरला. “असा समतोल लाखात एखाद्या जिवाला असतो. सुखदुःख ज्याला सारखं, त्याला गुणही सारखेच!”

बायकांनी माना डोलावल्या. सोफा करकरला.

“महाराज,” काजवालीनं विचारलं, “तो दिसतोय का तुम्हाला?”

“स्वच्छ.”

“कसा आहे?”

“उंच आहे. कपाळावर लहानपणीची खूण आहे. मनानं हळवा आहे. एका मुलीच्या नादाला लागलाय.”

“आत्ता कुठे आहे?”

“घरी. पांघरूण ओढून पडलाय. तुझीच वाट बघतोय.”

“तो घरी नाही,” खांबापाशी उभ्या असलेल्या परीक्षाबाई म्हणाल्या आणि पुढे आल्या. “तो कुठेच नाही. तो मुलगा काल दुपारी जेवण झाल्यावर मी संगणकावर तयार केला. नंबर माझा, आईचं नाव माझ्या मनातलं, आणि प्रत्येक विषयात किती टाकू याचा कंटाळा आला म्हणून सगळीकडे एकेचाळीस. त्याला कपाळच नाही, तर खूण कुठून येणार?”

मेहुणा ट्रे उचलायला धावला. पण काजवाली जवळ होती. तिनं दोन्ही हातांनी वाडगा वर उचलला. पाणी तिच्या पायांवर सांडलं. वाडग्याखाली ट्रेमध्ये एक कागद होता, समोरच्यांना न दिसणारा, फक्त वरून वाकून बघणाऱ्याला पाण्यातून वाचता येणारा. त्यावर ठळक अक्षरात एकाखाली एक सहा वेळा एकेचाळीस लिहिलं होतं. तिनं तो कागद सगळ्यांना दिसेल असा धरला.

“या गृहस्थांना मी ओळखते,” परीक्षाबाई मेहुण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “दोन वर्षं आमच्याकडे संगणक दुरुस्तीला यायचे. निकालाचं पान कुठे असतं ते यांना तेव्हापासून पाठ आहे. पडद्यामागे ज्योत नाही, मोबाइल आहे. जाऊन बघा कुणीही.”

मागच्या वेळचा तो सहज इकडून चाललेला बाप आजही रांगेत होता. तोच सगळ्यांआधी आत गेला आणि चार्जरसकट मोबाइल घेऊन बाहेर आला. निकालाचं पान उघडंच होतं.

“ज्योत विझवलीत तुम्ही! भोगाल!” अंतर्यामी ओरडला. पण प्लॅस्टिकवरून उठताना तो घसरला आणि कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं त्याचा सगळा रुबाब उतरला.

“पण बाई,” रांगेत उभी असलेली शेजारीण रडवेली होऊन म्हणाली, “माझ्या मुलाचं त्यानं खरंच सांगितलं होतं हो. सहाच्या सहा!”

“सांगितलं ते खरं होतं, कारण आम्ही बरोबर लिहिलं होतं. जिथे आम्ही चुकलो, तिथे तोही चुकला. त्याला काही दिसत नाही. तो फक्त वाचतो, आणि वाचलेलं तुमच्याच गळ्यात मारतो. एखादी गोष्ट खरी निघाली म्हणून भुलू नका. सांगणाऱ्याला ती कळली कशी, ते विचारा. आणि जो विचारू नको म्हणतो, त्याला तर दोनदा विचारा.”

काही लोक मान खाली घालून निघून गेले. एक बाई परीक्षाबाईंचा हात धरून हळूच म्हणाल्या, “मग आता तुम्हीच सांगा ना, आमच्या मुलाला किती आहेत?” परीक्षाबाईंना हसावं की रडावं कळेना.

रिकाम्या हातानं लेकीसमोर जायचं धाडस काजवालीला झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालेली गुणपत्रिका मिळाली, ती घेऊन काजवाली दोन बस बदलून औषधांच्या कारखान्याशी गेली. जेवणाच्या सुट्टीत बायका फाटकाबाहेर आल्या. लेकीच्या केसांवर जाळीची टोपी होती आणि बोटांना औषधांचा वास येत होता. आईला बघून ती थबकली, मग येऊन कट्ट्यावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

काजवालीनं गुणपत्रिका दिली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. रांग, चिठ्ठी, अबोला, सगळं.

“एकाहत्तर,” लेक कागदाकडे बघत म्हणाली. “मला पासष्टच्या आसपास वाटत होते.”

“चुकले गं मी. फार चुकले.”

“हा कागद आला नसता तर?”

काजवालीला खोटं बोलवेना. “तर मी अजून गप्पच असते.”

लेकीनं कागद मांडीवर ठेवला. “विचारायचंस ना मला. कुठल्या बाकावर बसले, कुठला प्रश्न आला, शेजारी कोण होतं, घरी यायला उशीर का झाला. चार प्रश्न. मी चारही उत्तरं दिली असती आणि तुला कळलं असतं.”

“आता सांग. का उशीर झाला होता?”

“आता नाही,” लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच काजवालीला सोसवेना. “आता तुला माहीत आहे मी खरं बोलते. माहीत नव्हतं तेव्हा विचारायचं होतं, आई.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. लेकीनं गुणपत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि टोपी नीट केली. “जेवलीस का?” तिनं विचारलं. काजवालीनं मान हलवली. लेकीनं आपल्या डब्यात उरलेला घास तिच्यापुढे सरकवला आणि ती आत गेली. काजवालीनं कट्ट्यावर बसून तो खाल्ला. रिकामा डबा तिनं पहारेकऱ्याजवळ दिला.

या गोष्टीला आता काही महिने झाले. अंतर्यामीवर तक्रार झाली, दुकानाला पुन्हा कुलूप लागलं, कॉलेजच्या साइटवर आता निकाल जाहीर होईपर्यंत काहीच उघडत नाही. पण माणसांना घाई असते आणि घाईला गिऱ्हाईक शोधणारे असतात. परवा गणवेश न्यायला आलेल्या एका बाईंनी सहज सांगितलं की पलीकडच्या वस्तीत कुणी एकजण आरशात बघून मुलांच्या मनातलं ओळखतो. त्यांच्या मुलाचं हल्ली अभ्यासात लक्ष नाही, घरी धड बोलत नाही, म्हणून त्या उद्या जाणार होत्या.

काजवालीनं हातातला सदरा खाली ठेवला. “त्याला काय विचारणार आहात?”

“हेच, की मुलाच्या मनात काय आहे.”

“मुलाला विचारलंत?”

“तो कुठे सांगतोय!”

“एकदा विचारलंत की चारदा?”

काजवाली उठून त्यांच्याजवळ आली. “आधी घरी जा, ताई. त्याच्यासमोर बसा आणि त्यालाच विचारा. नाही बोलला तर उद्या विचारा, परवा विचारा. आरशातल्या माणसाला तुमच्या मुलातलं काहीही माहीत नाही. जे काही सांगेल ते तुमच्याच तोंडून काढून घेतलेलं असेल. आणि तुम्ही त्याचं ऐकून आलात की मुलाचं ऐकायला कान उरणार नाहीत. माझे उरले नव्हते.”

तिनं सगळी हकिकत सांगितली. बाईंनी डोळे पुसले. गणवेशाची पिशवी उचलून त्या दाराशी गेल्या आणि थांबल्या.

“मग तुमची मुलगी आली का परत?”

“नाही अजून,” काजवाली म्हणाली. “म्हणून तर सांगतेय.”